बाळ चालायला लागेपर्यंत

आमचे हे वाईट माणूस नाहीत. आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्यांना नावं ठेवाल, आणि ते काम माझं आहे. दारू नाही, मारहाण नाही, स्वतःचं सलून आहे. सलून म्हणजे दोन खुर्च्या, एक आरसा आणि दिवसभर रेडिओ. पण चांगल्या माणसांचं एक असतं. चुकीची गोष्टसुद्धा ती इतक्या गोडीनं सांगतात की भांडायला जागाच ठेवत नाहीत. मी मात्र जागा करून घेते.

बाळंतपणाची सुट्टी संपत आली होती. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी धुणारी एक मोठी लाँड्री आहे, तिथे मी कामाला आहे. सोमवारी हजर झाले नसते तर माझ्या जागी दुसरी उभी राहिली असती, आणि आमचं घर काही एकट्या वस्तऱ्यावर चालत नाही. तेव्हा बाळाला कोण बघणार, एवढाच प्रश्न होता. तो कुणी मोठ्यानं विचारलासुद्धा नाही. सगळ्यांनी नुसतं थोरलीकडे बघितलं.

थोरली नववीत, मधला सातवीत. मधल्याला गणिताची शिकवणी लावलीय, म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. पोरगं गुणाचं आहे हो, पण आकडे दिसले की त्याला झोप येते. थोरलीला शिकवणी वगैरे काही नाही. ती आपला अभ्यास आटपून वर त्याची गणितंही सोडवून देते.

"वर्षभराचा तर प्रश्न आहे," हे म्हणाले. "बाळ चालायला लागलं की जाईल परत शाळेत."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे वाक्य मी आधी ऐकलं होतं, अगदी शब्द न् शब्द. तेव्हा बोलणारे माझे वडील होते, आणि बाळ म्हणजे माझा धाकटा भाऊ.

मी चौथीत होते. आई कामावर गेली की भाऊ माझ्या कडेवर. एकदा शाळेतल्या बाई मला बोलवायला घरी आल्या, तर मी दारामागे लपले. भावानं माझा फ्रॉक घाण केला होता आणि मला लाज वाटली. पुढे भाऊ चालायला लागला. मग पळायला लागला, तर त्याच्यामागे पळायला कुणीतरी हवं. मग शाळेत जायला लागला, तर त्याला सोडायला कुणीतरी हवं. शाळेच्या फाटकापर्यंत मी रोज जायचे. आत तो जायचा.

आता लाँड्रीतलं सांगते. तिथे प्रत्येक मशीनवर पाटी असते, कोणत्या कपड्याला पाणी किती गरम आणि पावडर कोणती. ज्यांना ती झटपट वाचता येते त्या मशीनवर. चौथीनंतर माझं वाचनच सुटलं; अक्षरं कळतात, पण जोडून वाचेपर्यंत पाणी उकळून जातं. म्हणून मी पहिल्या दिवसापासून घड्या घालायच्या टेबलापाशी उभी आहे. माझ्या कितीतरी मागून आलेली पोरगी मशीनवर गेली. तिला बसायला स्टूल आहे आणि पगार माझ्या दीडपट. घाम दोघींचा सारखाच. गरिबीपायी शाळा सुटली असं सगळे म्हणतात. शाळा सुटली म्हणून गरिबी चिकटून राहिली, हे कुणी तोंडातून काढत नाही. त्या पोरीचा मला राग नाही. राग कुणाचा ते कळलंच असेल.

रविवारी ह्यांनी मला समजवायला माझ्या भावालाच बोलावलं. भाऊ ऑफिसात बसतो. चहाचा घोट घेतला आणि उचलली जीभ लावली टाळ्याला.

"ताई, डोक्यात राख घालून घेऊ नकोस. जरा व्यवहार बघ. आणि खरं सांगू? शिक्षणाची मुळात आवड लागते. तुला तरी कुठे होती? म्हणून काय अडलं तुझं?"

"मला आवड नव्हती, असं कोण म्हणालं?"

"आई-बाबाच म्हणायचे की. ताईला अभ्यासाचा कंटाळा, आपणहून घरी बसली."

इतकी वर्षं माझ्या माघारी घरात ही गोष्ट सांगितली जात होती, आणि तिच्यात मी आळशी होते! मला पाढे तोंडपाठ होते. वर्गात उत्तर द्यायला माझा हात सगळ्यांच्या आधी वर जायचा. रडूच फुटायचं, पण त्याआधी संताप आला.

तेवढ्यात थोरली बाळाला कडेवर घेऊन दारात आली.

"मामा, तुम्ही चालायला लागल्यावर आई परत शाळेत गेली का?"

"अगं, तेव्हाची परिस्थिती निराळी..."

"गेली का?"

भावानं कप खाली ठेवला. "नाही," म्हणाला शेवटी.

"मग मी घरी बसणार नाही. एकदा नाव कमी झालं की परत कुणी घालत नाही. उद्या मी शाळेत जाणार."

"मोठ्यांच्या मध्ये बोलायचं नाही," हे ओरडले.

"मग काय बाळानं बोलायचं?" मी म्हणाले. "वाटोळं तिचं व्हायचंय, तर बोलेल तीच!"

भाऊ चहा अर्धा टाकून उठला. चपला घालताना हळूच म्हणाला, "ताई, मला खरंच माहीत नव्हतं गं."

"आता झालं ना माहीत? यापुढे कुणाला सांगशील तर नीट सांग."

सोमवारी सकाळी बाळाला न्हाऊ घालून टोपलीत ठेवलं, बाटल्या, लंगोट, झबली पिशवीत कोंबली, थोरलीला दप्तर घ्यायला लावलं आणि थेट सलून गाठलं. एक गिऱ्हाईक तोंडाला फेस लावून बसलेलं, दुसरं पेपर वाचत होतं. मी बाळाची टोपली बाकावर ठेवली.

"हे काय?" ह्यांनी विचारलं.

"बाळ. तुमच्या ओळखीचं आहे."

पेपरवाला फिसकन हसला.

"अगं, दुकानात कुठे? लोक हसतील."

"हसू देत. गालावर वस्तरा असला की फार वेळ कुणी हसत नाही."

"आणि रडलं तर?"

"थोपटा."

"शी केली तर?"

"धुवा. लोकांची डोकी धुता दिवसभर, आपल्या लेकराचं ढुंगण काय जड झालं?"

हे गोरेमोरे झाले. चारचौघांत बोलले ते त्यांना लागलं, मला दिसत होतं. खरं सांगते, भीती मलाही होती. ते नाहीच म्हणाले असते तर मी काय करणार होते? लाँड्रीची वेळ होत आली होती. पण मागे फिरायचं नाही एवढं ठरवलं होतं.

"आणि मला नाहीच जमलं तर?" हे म्हणाले.

"तर उद्यापासून मधला घरी बसेल."

"काहीतरीच काय बोलतेस! पोराचं आयुष्य वाया जाईल!"

पटकन निघून गेलं त्यांच्या तोंडून. पेपरवाल्यानं पेपर खाली घेतला. थोरली माझ्या शेजारीच उभी होती, दप्तर पाठीला लावून. ह्यांनी तिच्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"बाळा, मला तसं नव्हतं म्हणायचं."

"तसंच म्हणायचं होतं, बाबा," ती म्हणाली. "फक्त माझ्याबद्दल कधी म्हणाला नाहीत."

ह्यांनी हातातला वस्तरा मिटला, बाळाचा हात पोचणार नाही अशा वरच्या फळीवर ठेवला, टॉवेलला हात पुसले. मग टोपलीतून बाळाला उचललं, मान सावरत, जरा घाबरतच.

"जा," म्हणाले तिला. "घंटा होईल."

ती गेलीसुद्धा. मीही पायरी उतरले. मागून फेसवाल्याचा वैतागलेला आवाज आला, "अहो, माझ्या दाढीचं काय?"

"थांबा थोडं," हे म्हणाले. "माझी मुलगी शाळेत गेलीय."