विठाबाईचा पडदा

शंभर वर्षांपूर्वी सटाण्यात लग्न ठरलं की लोक आधी विठाबाईच्या ओट्यावर यायचे. हंडे, पराती, जाजमं, गॅसबत्त्या, सगळं तिच्याकडे भाड्यानं मिळायचं. नवरा साथीत गेला तेव्हा तिचा दीर भिमाजी याला वाटलं होतं, वहिनी आता सामान मोडीत काढेल. तिनं तसं केलं नाही. उलट दर लग्नसराईनंतर भांड्यांत भर घालत गेली. त्या हिवाळ्यात तिनं तांबटाकडे एक मोठा हंडा बघून ठेवला होता आणि त्याच्यापुरते पैसे कनवटीला बांधलेले होते.

गावच्या संत देवमामलेदारांच्या यात्रेचे दिवस होते. हिरामण नावाचा माणूस नाशिकहून तंबूतला बायस्कोप घेऊन आला होता. हलती चित्रं गावात कुणीच पाहिली नव्हती, त्यामुळे सकाळपासून तंबूभोवती ही गर्दी. पण दुपारी वावटळ उठली, तंबूचा खांब कलला आणि चित्र उमटायचा पडदा वरपासून खालपर्यंत फाटला.

हिरामण धापा टाकत ओट्यावर आला.

"बाई, मोठं पांढरं कापड मिळेल का भाड्यानं? संध्याकाळी खेळ आहे."

"केवढं मोठं?"

त्यानं समोरच्या घराच्या भिंतीकडे बोट दाखवलं. "एवढं."

विठाबाईची जाजमं सगळी पट्ट्यापट्ट्यांची. ती त्याला घेऊन बाजारपेठेत कापडवाल्याकडे गेली. पांढऱ्या मांजरपाटाचा अख्खा तागा तिथं होता, पण कापडवाला भाड्यानं द्यायला तयार नव्हता. एकदा सुई लागलेलं कापड परत कोण घेणार, हे त्याचंही खरंच होतं. आणि विकत घ्यायला हिरामणजवळ काही नव्हतं, सगळं गाडीभाड्यात गेलेलं.

विठाबाई क्षणभर ताग्यावर हात ठेवून उभी राहिली. मग तिनं कनवट सोडली.

"द्या. अख्खा तागा द्या. हंडा पुढल्या साली बघू."

ओट्यावर कापड पसरलं आणि बघता बघता बाया जमल्या. फुलं विकणारी गोजराबाई उरलेल्या झेंडूची टोपली तशीच घेऊन आली. तिच्याकडे गोणी शिवायचं दाभण होतं. पट्ट्याला पट्टा जोडत सगळ्या भराभर टाके घालू लागल्या. हिरामण सारखा सूर्याकडे बघत येरझाऱ्या घालत होता.

"आन् आमाले कोठे बसाडशात?" गोजराबाईनं विचारलं.

"बायकांची बैठक पडद्यामागं असते," हिरामण म्हणाला. "कापड ओलं करतो ना आम्ही, मागूनही चित्र दिसतं."

"सरळ दिसतं?" विठाबाईनं विचारलं.

तो जरा घुटमळला. "उलटं दिसतं. डावं ते उजवं होतं."

विठाबाईनं दातानं दोरा तोडला. "मग माझी एक अट ऐका. भाडं नेहमीसारखंच घेईन. पण आज बाया पुढं बसतील."

भिमाजी तेवढ्यात येऊन उभा राहिला होता. तो म्हणाला, "वहिनी, गाव काय म्हणंल?"

"गाव मागं बसंल, भावजी. तिकडं लय जागा हाय."

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. हिरामणनं पुन्हा सूर्याकडे पाहिलं आणि मान डोलावली.

दिवेलागणीला तंबू ठासून भरला. पुढं बाया, पोरंबाळं, आणि त्यांच्या मागं मावतील तेवढे पुरुष. उरलेले कुरकुरत पडद्यापलीकडे गेले, त्यांत भिमाजीही होता. पडद्यावर पाणी मारलं, गॅसबत्ती मालवली आणि हिरामण यंत्राचा दांडा फिरवू लागला.

आधी समुद्र आला. विठाबाईनं गिरणा पुरात पाहिली होती, पण हे पाणी उभं राहून अंगावर धावून येत होतं. लाट फुटली तशी गोजराबाईनं पाय पोटाशी घेतले आणि झेंडूची टोपली डोक्यावर धरली. कुणी हसलं नाही, कारण सगळ्यांचेच पाय वर होते. विठाबाईच्या कापडावर समुद्र आला होता. तिला उठून हात लावून बघावंसं वाटत होतं.

मग राजाची गोष्ट सुरू झाली. जिथं गोजराबाईचे टाके ओढले गेले होते, तिथं राजा आला की त्याची मिशी वाकडी व्हायची. राजानं साधूला जेवायला वाढलं, साधूनं पहिला घास उचलला आणि पलीकडून भिमाजीचा आवाज आला, "अरे, हा बुवा डाव्या हातानं जेवतोय."

सगळा तंबू हसायला लागला. बाया तर एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. विठाबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं. नवरा गेल्यापासून ती चारचौघांत अशी हसली नव्हती.

यात्रा उठेपर्यंत खेळ भरत राहिला आणि बायांची पुढची जागा कुणी काढून घेतली नाही. शेवटच्या सकाळी हिरामण म्हणाला, "बाई, पडदा मला विकत द्या. पुढं मालेगावला तंबू लावायचाय."

"विकायचा नाय. भाड्यानं नेत असाल तर द्यीन."

"मग परत कोण आणणार?"

विठाबाईनं याचा विचारच केला नव्हता, पण उत्तर तोंडातून आपोआप आलं. "मीच येते संगं."

भिमाजी दारात उभा होता. त्यानं बैल सोडले आणि गाडीला जुंपले. घडी केलेलं कापड त्यानंच उचलून गाडीत ठेवलं.

"चला वहिनी," तो म्हणाला, "उन्हाच्या आत नदी ओलांडू."

विठाबाई कापडाच्या घडीवर बसली. सटाण्याच्या बाहेर, माहेर सोडलं तर, ती कुठं गेली नव्हती. गाडी वेशीबाहेर पडली तशी तिनं डोक्यावरचा पदर सावरला आणि भावजीला बैल जरा पळवायला सांगितलं.