दरीत कोसळलेली बस

"वहिनी, तक्ता शून्यापासून सुरू कर. नाहीतर बघणाऱ्याला वाटेल, बस दरीत कोसळली!" नणंद म्हणाली, तेव्हा मी बाळाला घास भरवत होते. ती शाळेत भूगोल शिकवते आणि घरातली वाणसामानाची यादीसुद्धा लाल पेनाने तपासते. मी हसून सोडून दिलं. बससेवेच्या कचेरीत प्रवासीसंख्येचे तक्ते मी काढते, ती नाही!

शून्यापासून सुरू केलं की सगळ्या मार्गांच्या रेघा वरच्या बाजूला एकमेकींना चिकटून बसत. म्हणून खालचा रिकामा भाग मी कापूनच टाकत असे. रेघा कशा ठसठशीत दिसत.

सोमवारी साहेबांनी तक्ता हातात घेतला. "टेकडीच्या बसचं तर दिवाळं वाजलंय! शुक्रवारच्या बैठकीत बंदच करून टाकू."

त्याच बसने पाळणाघराच्या मावशी येतात. त्या आल्या नाहीत तर पाळणाघर बंद, पाळणाघर बंद तर माझी नोकरी बंद, मग बाळाचं शिक्षण... बाळ अजून रांगतंय, पण मी त्याला बेकार करून मोकळी झाले.

"साहेब, रेघ एवढी पडलेली नाही. खालचा भाग मी कापलाय, म्हणून थोडा उतारही खोल दिसतो."

"म्हणजे ही दरी तुम्हीच खणलीत?"

"हो."

"मग शुक्रवारपर्यंत बुजवा."

संध्याकाळी नणंद आली, पेन घेऊनच. "बुजवताना लपवाछपवी नको हं. उतार आहे तेवढा दिसू दे. पण तो कशामुळे, तेही लिही की!"

कशामुळे, ते मलाच कुठे ठाऊक होतं! कचेरीतल्या जुन्या सूचना उपसल्या, तेव्हा सापडलं. खोदकामासाठी दवाखान्यासमोरचा थांबा चढाच्या टोकाला हलवला होता आणि रेघ नेमकी तेव्हाच वाकली होती. खोदकाम केव्हाच संपलं. थांबा खाली आणायचा मात्र राहून गेला.

मग प्रत्येक मार्गाला वेगळी चौकट दिली, खाली शून्य मांडलं आणि वाकल्या जागी बाण काढून लिहिलं, 'थांबा इथे हलवला'. तक्ता नवऱ्याला दाखवला.

"मग आणा की परत खाली! त्यात विचारायचं काय?" तो म्हणाला.

बघताक्षणी कळलं, म्हणजे तक्ता पास.

शुक्रवारी साहेबही तेच म्हणाले, फक्त जास्त वेळ घेऊन. बस वाचली, थांबा खाली आला. रेघही हळूहळू वर आली. पूर्वीइतकी मात्र नाही.

"दहापैकी नऊ," नणंद म्हणाली आणि उरलेल्या फटीवर पेन टेकवलं. "हे कोण गं, अजून न आलेले?"

मी मावशींना विचारलं. "बाकीच्यांचं नाही सांगता येत," त्या म्हणाल्या, "पण आमचे चष्मेवाले काका दिसत नाहीत बाई. रोज माझ्यासाठी खिडकी धरायचे."

त्यांचं घर मावशींना माहीत होतं. बाळाला कडेवर घेऊन आम्ही दोघी गेलो. बराच वेळ कडी वाजवल्यावर दार उघडलं. दाढी वाढलेली, एका हातात काठी.

"थांबा वर गेला, आता तर बसही गेली असणार," काका गुरगुरले. "तो चढ चढताना पाय मुरगळला तेव्हापासून घरातच आहे. इतक्या दिवसांत एकजणही फिरकला नाही!" आणि बाळाने चष्मा ओढला तसे खुदकन हसले.

तुमच्या थांब्यावरचं कोण हल्ली दिसत नाही? आज घरी जाताना त्यांचं दार वाजवाल का? गुरगुरले तरी थोडं थांबा.