चारशे बारावं पान

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे. जुनी म्हटलं म्हणून लगेच कीव करू नका. माझा कणा अजून ताठ आहे आणि माझं एकही पान आजवर कुणी फाडून नेलेलं नाही. माझ्या शेजारी बसलेल्या त्या नाजूक प्रेमकथांना विचारा, त्यांची काय गत झाली ते.

मी लढाईची कादंबरी. समुद्रावर गस्त घालणारी एक नौका, तिच्यावरची माणसं, आणि अमली माल भरून पळणाऱ्या तस्करांच्या वेगवान होड्या, अशी माझी गोष्ट. माझ्यात रडार आहे, बिनमाणसाचं विमान आहे, पाण्याखालून जाणारी यंत्रं आहेत. त्यातली निम्मी नावं मला स्वतःलाच उच्चारता येत नाहीत, पण पोटात आहेत खरी.

छापखान्यातून मी थेट वाचनालयात आले. तिथल्या ग्रंथपालांची एक रीत होती. प्रत्येक नव्या पुस्तकाच्या शेवटी चार कोरे कागद चिकटवून घ्यायचे आणि वाचणाऱ्याने त्यांवर आपला अभिप्राय लिहायचा. पेन हातात देण्याआधी ते चष्म्यावरून बघत विचारायचे, "शेवटी काय होतं, सांगा बरं?" सांगता आलं तरच पेन मिळायचं. स्वतः त्यांनी पुस्तक कधी वाचलं नाही. अभिप्राय मात्र एकूण एक वाचले.

ते कागद लावायला मला बाइंडरकडे धाडलं. त्याचा हात भलताच सढळ. खळ अशी थापली की ती ओघळून माझ्या शेवटच्या दोन पानांच्या मधे गेली. वर दगड ठेवला आणि गडी जेवायला गेला. तो परत येईपर्यंत माझं चारशे बारावं आणि चारशे तेरावं पान तोंडाला तोंड लावून मिटलं होतं. माझ्या गोष्टीचा शेवट तिथे आत कोंडला गेला.

बोंबलता आलं असतं तर बोंबलले असते. त्यात चारशे अकराव्या पानाच्या तळाशी नेमका पूर्णविराम होता, त्याने घात केला. नौका फुटली आहे, वायरलेसवाला एका फळीला धरून काळ्या पाण्यात तरंगतो आहे, हाका मारून त्याचा घसा बसला आहे. पूर्णविराम. पान उलटलं की कोरी बाजू, आणि पुढे अभिप्रायाचे कागद. लोकांना वाटलं, संपली.

मग आले अभिप्राय. गुरुजींनी लाल शाईने लिहिलं, 'यंत्रांचे वर्णन उत्तम, माणसांचे त्रोटक. शेवट अर्धवट. दहापैकी पाच.' रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने लिहिलं, 'पान १४२. वायरलेस असा बंद पडत नाही. आधी फ्यूज उडतो.' एका पोलिसाच्या बायकोने लिहिलं, 'आमचे हेही तस्कर पकडतात, पण घरी येऊन तोंड उघडत नाहीत. यातला कप्तान किती छान बोलतो!' आणि व्यसनमुक्तीच्या वॉर्डातल्या एका परिचारिकेने लिहिलं, 'धमाके सगळे खरे वाटले. पण तो माल शेवटी ज्यांच्या अंगात जातो, ती माझी मुलं या पुस्तकात कुठेच नाहीत.'

ते मला लागलं. एवढी पानं, आणि त्या मुलांच्या वाट्याला एक ओळ नाही. पण मी काय करणार? मला लिहिलं दुसऱ्याने.

खाली कुणीतरी विचारलं होतं, 'वायरलेसवाला बुडाला का?' त्याखाली दुसऱ्याने लिहिलं, 'बुडाला.' त्याखाली तिसऱ्याने, 'नक्की बुडाला. मी जहाजावर काम केले आहे.' झालं! तेव्हापासून जो तो ग्रंथपालांना "बुडाला" म्हणून सांगायचा आणि पेन घ्यायचा.

मित्रांनो, तो बुडाला नव्हता. हे फक्त मला ठाऊक होतं, आणि सांगायला मला तोंड नव्हतं. कुणी चारशे अकराव्या पानावर आलं की माझा सगळा जीव त्या कोपऱ्यात गोळा व्हायचा. आता तरी नखाने चाचपेल, आता तरी म्हणेल की अरे, हे पान जाड कसं? पण तो माणूस जांभई द्यायचा आणि मला मिटून उशाशी ठेवायचा. अशी किती वर्षं गेली. वरच्या फळीवर धूळ खाताना मला कौतुक नको होतं. कौतुक पुष्कळ झालं. कुणीतरी मला पुरतं वाचावं, एवढीच आस होती.

आणि मग इस्त्रीवाल्या मावशी आल्या. कोपऱ्यावर त्यांचं कपड्यांना खळ घालून इस्त्री करायचं दुकान होतं. त्यांचा मुलगा खऱ्याखुऱ्या गस्तीच्या नौकेवर वायरलेस सांभाळायचा. पत्रात दोनच वाक्यं असायची. 'मी बरा आहे. काळजी करू नकोस.' चार महिने झाले, ती दोन वाक्यंही आली नव्हती. कचेरीत विचारलं की उत्तर मिळायचं, नौका मोहिमेवर आहे, जास्त सांगता येत नाही.

ग्रंथपाल म्हणाले, "मावशी, ही फार जाड आहे हो. पाककृतींचं देऊ का?"

"स्वयंपाक मला येतो," मावशी म्हणाल्या. "हे येत नाही म्हणून नेतेय. माझं पोरगं दिवसभर काय करतं, ते तरी बघू दे."

मावशींची शाळा दुसरीतच सुटलेली. ओळीवर बोट ठेवून, एकेक अक्षर जोडून वाचायच्या. दोन शर्टांच्या मधे अर्धं पान. यंत्राचं लांबलचक नाव आलं की "हे काहीतरी मोठं आहे" म्हणायच्या आणि पुढे सरकायच्या. वायरलेसवाला आला की मात्र बोट थांबायचं.

"तीस पानं झाली," एकदा त्या लेकीला म्हणाल्या, "हा जेवला कुठे? कुणी जेवायचं नावच काढत नाही."

लेक हसली. "आई, लढाई चालू आहे तिथे."

"मग? लढाईत पोटं घरी ठेवून जातात का?"

एवढ्या शहाण्यासुरत्या माणसांनी मला वाचलं, पण हा प्रश्न कुणाला पडला नव्हता.

पाच आठवड्यांनी, एका दुपारी, मावशी चारशे अकराव्या पानावर आल्या. फळी, काळं पाणी, बसलेला घसा. पूर्णविराम. त्यांनी पान उलटलं, कोरी बाजू पाहिली, पुढचे अभिप्राय वाचले. 'बुडाला.' 'नक्की बुडाला.' बोट त्या अक्षरांवरून हलेना. टेबलावरची इस्त्री तापत राहिली.

लेकीने धावत येऊन इस्त्री उचलली. "आई, गोष्ट आहे ती! बनवलेली. आपला दादा नाही तो."

"गोष्ट आहे ते मला कळतं, अक्कल शिकवू नकोस," मावशी म्हणाल्या. पण आवाज नेहमीचा नव्हता. "बुडाला म्हणे! ही मंडळी बघायला गेली होती का?"

त्या मला मिटायला निघाल्या. अंगठा आणि बोट यांच्या मधे ते पान आलं. आणि मित्रांनो, बोटं थांबली.

"हे दोन पदरी आहे."

"काय?"

"पान. आयुष्यभर कॉलरीच इस्त्री केल्यात मी. एक पदर कुठला नि दोन कुठले, मला झोपेत कळतं." त्यांनी कड हुंगली, जिभेला बोट लावून चाखलं. "खळ आहे. थापलीय मेल्याने."

"राहू दे आई, फाटलं तर? वाचनालयाचं पुस्तक आहे."

"फाटलं तर मी बघेन. त्याला असं पाण्यात सोडून मी परत देणार नाही."

मी भ्याले, खोटं कशाला सांगू! मावशींनी मलमलीचं फडकं ओलं करून घट्ट पिळलं, पानावर अंथरलं, इस्त्री निववली आणि वरून अलगद फिरवली. ऊब आत शिरली. वर्षानुवर्षांची घट्ट खळ मऊ झाली. मावशी कडेपासून इंच इंच पान सोडवत गेल्या, श्वास रोखून. दोन-चार अक्षरं पलीकडच्या पानाला चिकटून गेली, पण पान सुटलं. माझ्या शेवटाला पहिल्यांदा उजेड लागला.

मावशींनी मोठ्याने वाचलं. पहाटे एका मालवाहू जहाजाला तो फळीवर सापडतो. इस्पितळात शुद्धीवर येतो. परिचारिका त्याला कागद आणि पेन आणून देते. तो लिहितो, 'आई, मी' आणि थांबतो. जे पाहिलं ते आईला कसं सांगावं, हे त्याला सुचत नाही. तो खिडकीबाहेर बघत बसतो. समाप्त.

लेकीने टाळी वाजवली. "वाचला! बघ, वाचला की!"

मावशींनी माझं पान वाळेपर्यंत फुंकर घातली. मग म्हणाल्या, "वाचला. आणि लिहायला बसला तर हात आखडला याचा. सगळे मेले सारखेच." आणि पदराने चेहरा पुसला.

दुसऱ्या दिवशी ग्रंथपालांनी पेन पुढे करण्याआधी नेहमीसारखं विचारलं, "शेवटी काय होतं?"

"वाचतो."

"छे हो मावशी, बुडतो. सगळ्यांनी लिहिलंय."

मावशींनी चारशे बारावं पान उघडून त्यांच्या चष्म्यापुढे धरलं. ग्रंथपाल उभ्या उभ्या दोन्ही पानं वाचून गेले. माझ्या माहितीत त्यांनी वाचलेली ती पहिलीच दोन पानं. मग खुर्चीवर बसले आणि मुकाट पेन दिलं.

मावशींचं अक्षर मोठं, वाकडं, कागदात रुतलेलं. त्यांनी लिहिलं, 'मुलगा वाचला आहे. आईला पत्र पुरं लिहिलं नाही. ज्याने हे पुस्तक लिहिलं त्याने त्याला सांगावं. ती बाई वाट बघते आहे.'

त्यानंतर मावशी वाचनालयात आल्या नाहीत. थोड्याच दिवसांत कोपऱ्यावर दुसरी इस्त्री आली, असं कुणी बोलताना ऐकलं. मुलाने बोलावून घेतलं म्हणून गेल्या, की त्याला शोधायला गेल्या, ते मला कळलं नाही. आता लोक मला वाचून समाधानाने मिटतात, 'शेवट छान' असं लिहितात, दहापैकी आठ देतात. मी मात्र काचेच्या कपाटातून दाराकडे बघत असते. माझ्या सगळ्या वाचकांत त्या एका बाईचं पुढे काय झालं, तेवढं मला कुणी सांगितलेलं नाही.

तेव्हा मित्रांनो, पुस्तकं जपा, कोरड्या हातांनी धरा, पानांचे कोपरे दुमडू नका, हे मी सांगणारच. माझ्यासारख्या म्हातारीने नाही सांगायचं तर कुणी? पण तुमच्यात कुणी घरापासून लांब कामाला असेल, तर मला आत्ताच्या आत्ता मिटून ठेवा. मी काही रुसत नाही. कागद घ्या. 'आई, मी' लिहा, आणि सुचत नसेल तरी पुढे लिहा.