सापडलेल्या कुत्रीचं वजन

मी वजनकाटा आहे, आणि आज बोलणार आहे. आजवर मी फक्त आकडे दाखवले, तेही कुणी वर उभं राहिलं तरच. पण एक गोष्ट गेले कित्येक महिने मनात घर करून बसली आहे. ती सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

तुम्ही मला पाहिलं असलं तरी लक्षात ठेवलं नसेल. जमिनीलगत स्टीलचा चौकोनी पत्रा, त्यावर काळी रबरी चटई, एका बाजूने वर गेलेला दांडा आणि दांड्याच्या टोकाला हिरव्या आकड्यांची पेटी. कारखान्यातून निघालो तेव्हा अंगावर कोरा प्लास्टिकचा कागद होता आणि डोक्यात हवा होती. वाटलं, एखाद्या बऱ्या दुकानात जाऊ, चार लोक आपल्याकडे बघतील. गेलो पार्सल ऑफिसात. सहा वर्षं खोकी तोलली. खोकं कसं, ठेवलं की गप्प. मग तिथे नवे काटे आले आणि मला नगरपालिकेच्या गाडीत घालून इथे, प्राण्यांच्या निवाऱ्यात धाडलं.

पहिल्याच दिवशी एका बोक्याने माझी पुरती फजिती केली. चार पायांचा माल मी कधी तोललाच नव्हता. तो उभा राहीना, बसेना, आणि माझा आकडा तीन ते पाचच्या मध्ये नाचत राहिला. शेवटी मामांनी त्याला उचलून छातीशी धरलं आणि दोघं मिळून माझ्यावर चढले. नंतर मामा एकटे चढले, आणि मोठ्या आकड्यातून लहान वजा केला. मामा म्हणजे इथले पिंजरे धुणारे, खाणं घालणारे गृहस्थ. डॉक्टरबाईंपासून झाडूवालीपर्यंत ते सगळ्यांचेच मामा. घाबरलेलं जनावर आलं की ते असंच तोलतात, त्यामुळे मामांचं वजन मला तोंडपाठ आहे. गेल्या तीन वर्षांत ते किती वाढलं हे मामी सोडून कुणाला कळू द्यायचं नाही, असं आमचं दोघांचं ठरलेलं आहे.

इथे तीन वेळा तोलतात. जनावर आलं की एकदा. औषध किंवा लस द्यायची असली की मधूनमधून. आणि एकदा शेवटचं, जनावराला कायमचं झोपवायचं असलं की. त्या शेवटच्या इंजेक्शनचं प्रमाणही वजनावरच ठरतं. पहिल्या दोन वेळी मामा आकडा मोठ्याने म्हणतात आणि नोंदणीच्या ताई खिडकीतून लिहून घेतात. तिसऱ्या वेळी मामा आकडा बोलत नाहीत. कागदाच्या कपट्यावर लिहितात आणि तो डॉक्टरबाईंच्या हातात देतात. हा नियम कुठे लिहिलेला नाही. मामांनीच तो पाडला आणि सगळ्यांनी पाळला.

आता खिडक्यांचं सांगतो, कारण सगळं तिथेच घडलं. पहिली खिडकी ताईंची, नोंदणीची. रस्त्यावर सापडलेलं जनावर इथे लगेच घेतात आणि सात दिवस मालकाची वाट बघतात. स्वतःचं जनावर सोडायचं असेल तर मात्र नाव नोंदवा, तीन आठवड्यांनी या, दोन पानं प्रश्नांची उत्तरं द्या. कारण जागा कमी आणि जनावरं फार. दुसरी खिडकी मदतीची. कुणाचं घर सुटलं, कुणाला दवाखान्यात भरती व्हायचं आहे, कुणाला औषध परवडत नाही, अशांचं जनावर ही खिडकी सहा आठवडे सांभाळते. घरमालकाला फोन करून गळ घालते, औषधही देते. फक्त ती अकरा ते एकच उघडी असते. आणि तिची माहिती देणारा कागद कुणीतरी दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला होता. दार दिवसभर भिंतीला टेकवून उघडं ठेवलेलं, त्यामुळे कागदाचं तोंड कायम भिंतीकडे. इतक्या वर्षांत ते एकाच्याही लक्षात आलं नाही. मला माझ्या जागेवरून त्या कागदाची नुसती कड दिसायची.

तर लोक पहिल्या खिडकीशी येतात आणि खोटं बोलतात. "रस्त्यात सापडली हो." "माझ्या गाडीखाली बसला होता." मी ऐकत असतो. सापडलेलं कुत्रं आणणाऱ्याच्या पायाशी अंग टेकवून बसत नाही, हे मला कळतं आणि ताईंनाही कळतं. पण विचारलं तर माणूस जनावर घेऊन निघून जातो आणि पुढच्या वळणावर सोडून देतो. म्हणून ताई नजर खाली ठेवून लिहून घेतात.

त्या दिवशी दुपारी दोनला एक बसड्रायव्हर काका आले. नुकतेच निवृत्त झालेले, खाकी पँट अजून तीच. हातात दोरी आणि दोरीला तांबड्या रंगाची म्हातारी कुत्री.

"डेपोजवळ फिरत होती," काका म्हणाले. "कुणाची आहे कुणास ठाऊक."

"वजन करूया," ताई म्हणाल्या.

ती माझ्यावर आपणहून चढली. काका अगदी हळू आवाजात म्हणाले, "बस." आणि ती बसली. अठरा किलो चारशे. पण तो भार माझ्या पत्र्यावर सारखा पडला नव्हता, सगळा काकांच्या बाजूच्या कोपऱ्यात आला होता. ती त्यांच्याकडे रेलून बसली होती. ताईंनी काकांचा फोन नंबर विचारला. त्यांनी तो खरा दिला. इतकी वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाला खोटा नंबर सुचला नसावा. मग ते दाराकडे वळले, तशी ती पुढचे दोन पाय खाली टाकून निघाली आणि माझा आकडा एकदम अर्ध्यावर आला. मामांनी दोरी धरली. काकांनी मागे वळून पाहिलं नाही. मला तेव्हा त्यांचा फार राग आला होता.

तिला बेचाळीस नंबरचा पिंजरा मिळाला. मामा घरी मामींशी काय बोलले ते मला ठाऊक नाही; इथे मात्र ते दोन दिवस सारखं एकच बोलत होते. "ही घरातली आहे. दाराशी कुणी आलं की उठून उभी राहते."

तिसऱ्या दिवशी सकाळी मामांनी तिला धावतच पुढच्या खोलीत आणलं. तिला झटका आला होता. तोंडाला फेस, पाय ताठ, नजर कुठेच नाही. इंजेक्शनसाठी वजन हवं होतं, म्हणून मामा तिला उराशी धरून माझ्यावर उभे राहिले. तिच्या थरथरीने आकडा नाचला, मग मामा एकटे चढले. सतरा किलो सहाशे.

डॉक्टरबाईंनी औषध दिलं आणि विचारलं, "हिला झटके कधीपासून येतात?"

ताईंनी कागद उलटसुलट केला. "काही नाही लिहिलेलं. सापडलेली आहे."

"लस?"

"माहीत नाही."

"वय?"

"दहा लिहिलंय. तेही मीच अंदाजाने."

"डॉक्टरबाई," मामा म्हणाले, "ही पाळलेली आहे हो. बस म्हटलं की बसते."

"मला दिसतंय, मामा. पण जो पाळत होता तो काहीच बोलून गेला नाही. जुना आजार आहे, की मेंदूत नवं काही झालंय, की पिसाळण्याची सुरुवात आहे, मी कशावरून ठरवू? हिला वेगळं ठेवा, आणि हातमोजे घातल्याशिवाय आत जाऊ नका."

ताईंनी काकांना फोन लावला. वाजत राहिला, उचलला नाही. दुपारी पुन्हा लावला. दुसऱ्या दिवशी दोनदा. प्रत्येक वेळी ताई फोन कानाला लावून माझ्याकडेच बघत बसायच्या, समोर दुसरं बघण्यासारखं काही नव्हतं म्हणून. माझ्या तोंडात शब्द असते तर मी सांगितलं असतं की ती कुणाकडे रेलून बसली होती. पण तेवढ्यानेही आजाराचं नाव कळलं नसतंच.

चौथ्या दिवशी तिला तीन झटके आले. पाचव्या दिवशी सकाळी एक सुरू झाला तो थांबेचना. डॉक्टरबाईंनी होतं नव्हतं ते इंजेक्शन देऊन पाहिलं. दीड तास त्या तिच्याजवळ जमिनीवर बसून होत्या. मग उठल्या आणि मामांकडे पाहून नुसती मान हलवली.

मामा तिला घेऊन माझ्यावर चढले. मग एकटे चढले. मी नेहमीसारखा आकडा दाखवला, मला दुसरं काय येतं. मामांनी कपट्यावर लिहिलं. त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, आपण बिघडायला हवं होतं. पण माझ्यात बिघाड नव्हता.

सहाव्या दिवशी काका आले. दाढी केलेली, धुतलेला शर्ट. चेहऱ्यावर जरा उजेड होता. खिडकीशी वाकून म्हणाले, "ती तांबडी कुत्री होती ना, मी आणलेली... म्हणजे सापडलेली. कुणी आलं नसेल तर म्हटलं, मीच नेतो. बहिणीच्या घरामागे जागा आहे. ती हो म्हणाली काल."

ताईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "काका, ती काल गेली."

"कुणी नेली?"

"कुणी नाही नेली."

काकांना कळायला थोडा वेळ लागला. ते मागे सरकले आणि सरकता सरकता माझ्यावर येऊन उभे राहिले. त्यांचं त्यांना भान नव्हतं. ताईंनी सगळं सांगितलं, झटक्यांचं, औषधांचं, फोनचं. काकांनी खिशातून गोळ्यांचं पाकीट काढून काउंटरवर ठेवलं.

"सकाळी अर्धी, संध्याकाळी अर्धी," ते म्हणाले. "चार वर्षांत एकदाही झटका नाही आला ठमीला."

डॉक्टरबाई आतल्या दारात उभ्या होत्या. त्यांनी पाकीट उचललं, नाव वाचलं. हे औषध त्यांच्या कपाटात होतं. एकदम बंद केलं की झटके उलटतात, हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ठमीला ते चालू होतं, तेवढं ठाऊक नव्हतं. पाकीट पुन्हा होतं तिथेच ठेवून त्या आत गेल्या, आणि आतून बराच वेळ नळाचं पाणी वाहिल्याचा आवाज येत राहिला.

"फोन केला होता हो आम्ही," ताई म्हणाल्या. "चार वेळा."

"नंबर ओळखला मी. वाटलं, खोटं पकडलं गेलं. आता बोलावून सुनावतील." काका पाकिटाकडे बघत म्हणाले. "सरकारी खोली सोडायची होती. नवीन घरमालक कुत्रं नको म्हणाला. तुमच्याकडे आधी फोनवर विचारलं तर म्हणाले, स्वतःचं असेल तर तीन आठवडे. माझ्याकडे चार तास होते. बाहेर पाटीवर वाचलं, सात दिवस ठेवतात. म्हटलं, सात दिवसांत काहीतरी सोय लावीन. गोळी द्यायची तर माझी आहे म्हणावं लागलं असतं." मग त्यांनी विचारलं, "मी खरं बोललो असतो तर?"

ताईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मामांनी त्यांना नजरेने गप्प केलं. माझ्या पेटीत एकाहत्तर किलो दोनशे दिसत होते. ते कुणी वाचले नाहीत.

बाहेर वारा सुटला होता. धूळ आत येत होती म्हणून काकांनी जाता जाता आतूनच दार ओढून घेतलं आणि त्यावरचा तो कागद त्यांच्या नाकासमोर आला. घर बदलताय? सहा आठवडे आम्ही सांभाळू. औषध चालू असल्यास सोबत आणा. ते उभे राहून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत होते. मग दार उघडून गेले. त्यानंतर ते इथे आलेले नाहीत, आणि माझा त्यांच्यावरचा राग कुठे गेला ते मला सांगता येणार नाही.

त्याच संध्याकाळी मामांनी कागद दारावरून सोडवला आणि पहिल्या खिडकीच्या काचेवर, वाचता येईल इतक्या उंचीवर लावला. डॉक्टरबाईंनी वरिष्ठांशी भांडून मदतीची खिडकी पाच वाजेपर्यंत उघडी करून घेतली. आता पुष्कळजण दोन पावलं पुढे जाऊन तिथे विचारतात. सगळे जातात असं मात्र नाही. लाज फार चिवट असते, हे मी रोज बघतो.

जे पहिल्याच खिडकीशी थांबतात त्यांच्यासाठी ताईंनी एक प्रश्न काढला आहे. छापील अर्जात तो नाही. मान वर न करता त्या विचारतात, "सापडलेल्या जनावराला काही औषध चालू असावं, असं वाटतं का तुम्हाला?"

गेल्या आठवड्यात एक बाई आल्या होत्या. बाजाराच्या पिशवीत पांढरी मांजरी. "जिन्यात सापडली," म्हणाल्या. माझ्यावर ठेवली तर मांजरी पिशवीतून बाहेरच येईना, म्हणून पिशवीसकट तोलली. ताईंनी प्रश्न विचारला. बाई बराच वेळ पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "थायरॉइडची गोळी असावी. पाव. सकाळी, खाण्याआधी." आणि मग आणखी हळू, "पाण्यात विरघळवून दिली तर घेते... घेत असावी."

ताईंनी सगळं लिहून घेतलं. असावी या शब्दासकट.

माझं आता वय झालं. चटईचे कोपरे वर आले आहेत, दांडा थोडा लचकला आहे, आणि थंडीत मी पहिला आकडा दाखवायला वेळ लावतो. मला बदलायचं चाललंय असं कानावर आहे. जाण्याआधी तुम्हाला एवढंच सांगतो. इथे यायची वेळ कुणावरही येते, तुमच्यावरही येईल. जमलं तर खरं बोला, इथे कुणी सुनावणार नाही. नाहीच जमलं, तर खोटं बोला. जनावर रस्त्यात सापडलं म्हणा, जिन्यात म्हणा, ढगातून पडलं म्हणा. पण औषध कोणतं, किती आणि केव्हा, तेवढं सांगून जा. अर्जात त्याला जागा नाही, पण ताई समासात लिहून घेतात.