दोष म्हणे दिव्याचा

"हा दिवाच भिकार आहे. फेकून दे एकदाचा," मास्तर म्हणाले.

"बाबा, दोनदा बल्ब बदलून झाला. आता काय सूर्य आणून लावू?" त्यांची मुलगी म्हणाली.

तो भिकार दिवा म्हणजे मी, मित्रांनो. मास्तरांच्या शिलाई मशीनशेजारी असतो. मान वाकडी, डोक्यावर पत्र्याची टोपी. माझी बाजू घेऊन कुणी भांडेल अशी आशा मी कधीच सोडली होती. दिव्याला बोलता येत नाही, नुसतं डोकं तापतं.

पत्रा ठोकून, हिरवा रंग फासून मला कुठल्यातरी कारखान्यातून बाहेर ढकललं होतं. मास्तरांनी दुकानात आणलं तेव्हा त्यांचे केस काळेभोर होते. तेव्हा माझे लाड व्हायचे. गिऱ्हाईक आलं की मास्तर माझी मान कापडावर वळवायचे आणि विचारायचे, टाका दिसतोय का? नाही दिसत, असं गिऱ्हाईक म्हणालं की स्वारी खूश. टाका दिसला नाही पाहिजे, हीच त्यांची ऐट.

मग हळूहळू बिनसत गेलं. उजेड कमी पडतो म्हणून मला मोठा बल्ब लावला. तर म्हणे, डोळ्यासमोर पांढरं धुकं येतं. साधा लावला तर म्हणे, अंधार. अरे, मग मी करू तरी काय? चष्मा तर दिवसभर चिंधीने पुसायचे. बिचाऱ्या काचा झिजल्या, पण डाग काही जाईना. संध्याकाळी दारात उभे राहून म्हणायचे, हल्ली रस्त्यावरच्या दिव्यांना झालर लागलेली दिसते. शिंपीच तो. त्यांना झालरच दिसणार.

आजचं भांडण पेटलं ते कोटावरून. वकीलबाईंचा काळा कोट मास्तरांनी गडद निळ्या दोऱ्याने शिवला होता. बाईंनी कोट उन्हात धरला आणि विचारलं, "मास्तर, निळ्या टाक्यांची नवी फॅशन आलीय का?" बाई हसत होत्या, मास्तरांचा चेहरा मात्र पडला. कोट परत ठेवून बाई गेल्या आणि सगळं खापर माझ्या पत्र्यावर फुटलं.

कोट दुरुस्त करायला मास्तरांनी सुई घेतली. दोरा ओवायला एक डोळा मिटला. मुलगी बघतच राहिली.

"बाबा, तुम्ही डावा डोळा मिटून ओवायचात ना? आता उजवा मिटताय."

मला ते केव्हाचं माहीत होतं. मी त्यांच्या डोक्यावरच असतो ना. पण सांगणार कसं? उजव्या डोळ्याने काम सोडलं होतं आणि मास्तरांच्या नकळत डाव्याने ते उचललं होतं.

तिने त्यांच्या डाव्या डोळ्यावर तळहात धरला आणि विचारलं, माझा कुडता कसला आहे? मास्तर बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, पिवळट आहे काहीतरी. कुडता पांढरा होता, मित्रांनो. धुवून इस्त्री केलेला.

मग तिने त्यांच्या पोटातलं बाहेर काढलं. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मागेच मोतीबिंदू सांगितला होता आणि मास्तरांनी ते दाबून ठेवलं होतं. डोळ्यात आत भिंग असतं, ते वयाने गढूळ होतं. चष्मा पुसून, बल्ब बदलून किंवा थेंब घालून ते साफ होत नाही. ते काढून नवं बसवावं लागतं. मास्तरांचं एकच पालुपद, अजून पिकला नाही, पिकला की काढू.

"तो काय झाडाला लागलाय, पिकायला?" मुलगी चिडली. पिकायची वाट बघायचे ते जुने दिवस, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं म्हणे. कामात अडायला लागलं की करून घ्यायचं. फार थांबलं तर भिंग कडक होतं, ऑपरेशन अवघड जातं, कधी डोळ्यातला दाब वाढून नजर कायमची जाते.

मास्तरांनी कोटावरून हात फिरवला. मग अगदी हळू म्हणाले, "धूसर का होईना, दिसतंय गं. तेही गेलं तर मला मास्तर कोण म्हणेल?"

मास्तरांनी निळे टाके उसवायला कात्री घेतली, माझी मान जवळ ओढली, अगदी नाक लावून बसले. कच्. टाका तसाच राहिला आणि कापड कापलं गेलं.

गिऱ्हाइकाचं कापड त्यांच्या हातून असं कधी गेलं नव्हतं. त्यांनी कात्री खाली ठेवली.

"कधी जायचं म्हणालीस?"

गेले, ऑपरेशन झालं, आणि त्याच दिवशी काळा चष्मा लावून घरी आले. डोळा चोळायचा नाही, पाणी जाऊ द्यायचं नाही, थेंब वेळेवर, असा मुलीचा पहारा. कामाची परवानगी मिळाल्यावर दुकानात आले आणि कोपऱ्यात बसून दोऱ्याची रिळं निवडत राहिले, काळी एकीकडे, निळी एकीकडे. मग माझ्याकडे बघून कपाळाला आठ्या घातल्या.

"हा दिवा केवढा लख्ख आहे गं. डोळ्यात जातोय."

घ्या. अंधार म्हणून शिव्या खाल्ल्या, आता उजेड म्हणून. मशीन दाराशी सरकवलं, जवळचं बघायला नवा चष्मा आला आणि माझं काम संपलं. थकलोय मी. अडगळीत पडायलाही माझी तयारी होती.

पण आत्ताच समोरचा चप्पल शिवणारा आलाय. हा दिवा नको असेल तर मला द्या म्हणतो, हल्ली दुकानात उजेडच पुरत नाही. टाचणी उचलायला वाकला तर दोनदा जमीन चाचपली त्याने. मित्रांनो, कुणीतरी याला एकेक डोळा झाकून बघायला सांगा. घरच्या म्हाताऱ्या माणसांनाही सांगा. मला सांगता येत नाही, आणि त्याने वायर गुंडाळायला घेतलीय. मला आता निघावं लागतंय.