आप्पांची मेंढरं माझ्या पोटात होती

मी एक जुनी फ्लॉपी आहे. काळी, चौकोनी, चपटी, वाकवली तर वाकेन अशी. हसू नका. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी मला पाहिलंही नसेल, आणि ज्यांनी पाहिलं त्यांनी चहाच्या कपाखाली ठेवलं असेल. पण मित्रांनो, एके काळी मला कागदाच्या पाकिटात जपून ठेवत. माझ्या अंगावर एक लांबट खिडकी असते. तिच्यातून आतली तपकिरी चकती दिसते. लिहिलेलं सगळं त्या चकतीवर राहतं, म्हणून तिथं बोट लावायचं नसतं. एवढं एकच माझं दुखणं.

मी कारखान्यात जन्मले खरी, पण मला जीव आला तो बारामतीला, एस. टी. स्टँडजवळच्या कॉम्प्युटर क्लासात. निमगाव केतकीचा रविराज तिथं शिकायला यायचा. क्लासाखालच्या दुकानात टीव्हीला जोडून खेळायचे परदेशी गेम होते. उड्या मारायच्या, खड्डे चुकवायचे, नाणी गोळा करायची. रविराज ते खेळून आला की म्हणायचा, "असला गेम आपल्या गावचा पायजे."

त्यानं तो बनवला. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ठिपक्यांचा, खांद्यावर घोंगडी टाकलेला एक म्हातारा चालायचा. तो बांधावरून उडी मारी, पाण्याची चारी ओलांडी, बाभळीखालून वाकून जाई. वाटेत चुकलेली मेंढरं उभी असत. हात लावला की एकेक मागं चालू लागे. मधेच लांडगा येई. सगळ्यांना घेऊन वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, शिरलं की गेम संपला. प्रत्येक मेंढराला नाव होतं. हात लावला की ते डोक्यावर उमटायचं.

आता हे सगळं कशासाठी, ते सांगते. रविराजचे वडील आप्पा. जन्मभर मेंढरं राखलेला माणूस. जिकडंतिकडं ऊस झाला, चरायला रान उरलं नाही, गुडघेही कुरकुरू लागले. शेवटी आप्पांनी कळप बाजारात नेऊन विकला. त्या दिवसापासून त्यांचं बोलणंच आटलं. जेवायला बसत, उठत, ओट्यावर जाऊन बसत. रविराजची आई सिंधुबाई म्हणायची, "माणूस घरात हाय का न्हाय, त्येच कळंना." गेममधली नावं त्या विकलेल्या मेंढरांचीच होती.

एका रविवारी रविराजनं त्यांना क्लासात आणलं. फेटा मांडीवर घेऊन आप्पा खुर्चीच्या टोकावर बसले. पहिल्या मेंढराला हात लागला, नाव उमटलं. आप्पांना वाचता येत नव्हतं. रविराजनं वाचून दाखवलं. आप्पा पडद्याकडं वाकून म्हणाले, "ही हितं कशी आली रं?"

मग दर रविवारी ते येऊ लागले. कीबोर्डवरची उडीची लांब पट्टी ते अगदी हळू दाबत. लांडगा आला की "हाड्!" म्हणत, आणि क्लासातली पोरं खुदखुदत. पण वाघरीत शिरायची शेवटची उडी काही ते मारीनात.

"आप्पा, मारा की उडी. जिंकलात तुमी," रविराज म्हणे.

"ऱ्हाऊ दे. चरू दे अजून जरा."

घरी गेल्यावर ते सिंधुबाईला एकेका मेंढराची खोडी सांगत. ऐकताना मला बाई भरून यायचं. आणि गर्वही व्हायचा, का होऊ नये!

त्या काळी क्लासातल्या कॉम्प्युटरच्या पोटात काही टिकत नसे. बटण बंद, की सगळं साफ. आप्पांची मेंढरं होती ती माझ्यावर, एकट्या माझ्यावर. क्लासातल्या रतन मॅडम सांगून थकल्या, "दुसऱ्या फ्लॉपीवर कॉपी काढ रे." रविराज म्हणायचा, "काढतो की उद्या."

खंडेनवमी आली. रविराज सणसरला मामाकडं गेला होता. सिंधुबाईनं पाटावर विळा, कुऱ्हाड, लोकर कातरायची कातर मांडली. मग लेकाच्या पिशवीतून मला काढलं.

"ह्ये बी हत्यारच की माझ्या लेकाचं," ती म्हणाली. पाकीट काढून बाजूला ठेवलं. "झाकून कुटं पूजा असती व्हय?"

ओल्या बोटानं हळद लावली, कुंकू लावलं. नेमकं खिडकीवर. वर झेंडूचं फूल ठेवलं आणि हात जोडले. एवढ्या मायेनं मला कुणी कधी हात लावला नव्हता. संध्याकाळी तिनं मला पुन्हा पाकिटात घालून पिशवीत ठेवलं.

रविवारी आप्पा खुर्चीवर येऊन बसले होते. रविराजनं घाईत मला न बघताच कॉम्प्युटरच्या फटीत सारलं. आत करकर आवाज झाला. पुन्हा झाला. वाचता येत नाही, असं पडद्यावर आलं.

"मेंढरं का येईनात?" आप्पांनी विचारलं.

रविराजनं मला बाहेर ओढलं. त्याचा अंगठा लाल झाला. आप्पांनी तो अंगठा पाहिला. कुंकू कुणाचं, हे विचारायची गरज नव्हती. दोघं एस. टी.त बसले.

दारातच सिंधुबाईनं विचारलं, "दिसली का वो मेंढरं?"

आप्पा म्हणाले, "मशिनच बंद हुतं आज."

तिला कुणी कधीच सांगितलं नाही. ती पुढं कितीतरी रविवार विचारत राहिली आणि आप्पा तेच उत्तर देत राहिले.

एकदा ती पाण्याला गेलेली पाहून रविराज म्हणाला, "आप्पा, मी परत करतो गेम. सगळा डोक्यात हाय माझ्या."

"नगं," आप्पा म्हणाले. "एकदा बाजारात सोडून आलो. एकदा ही अशी गेली. तिसऱ्यांदा न्हाय जमायचं बाबा मला." आणि ते ओट्यावर जाऊन बसले.

मित्रांनो, पूजा झालेली म्हणून मी आता सिंधुबाईच्या देव्हाऱ्यात असते. माझं मागणं फार नाही. जे एकच आहे, त्याचं दुसरं आजच करून ठेवा. आणि घरात कुणी बोलेनासं झालं असेल, तर त्याच्याजवळ बसून विचारा, ऐका, ध्यानात ठेवा. ते काम माझ्यासारखीवर सोडू नका. आप्पांच्या मेंढरांची नावं मी तुम्हाला आनंदानं सांगितली असती. पण ती माझ्यावरच लिहिलेली होती.