टोपल्यांनी आणलेला बर्फ

हिमाचलातल्या नारकंड्याला यंदा जानेवारी सरता सरता बर्फ पडला, तोही स्कीच्या उताराच्या वरच्या निम्म्यापुरताच. खाली नुसता चिखल होता. गावच्या पोरींना स्कीइंग शिकवणाऱ्या सुदर्शनादीदीने तरी धीर सोडला नाही. दोन दिवसांवर निवडस्पर्धा आली होती, आणि तिची शिष्या पालवी पुढच्या वर्षी वयाच्या अटीत बसणार नव्हती. मागच्या दोन स्पर्धा बर्फावाचून रद्द झाल्या होत्या.

सफरचंदांच्या टोपल्या पाठीला लावून दोघी देवदारांच्या सावलीतला बर्फ आणून चिखलावर ओतू लागल्या. हातांची सालटी निघाली.

चहावाला ठाकूर म्हणाला, "दीदी, देवाचं काम तुम्ही कशाला अंगावर घेता?"

"देव रजेवर आहे," सुदर्शना म्हणाली.

स्पर्धेच्या सकाळी उतार खरंच तयार झाला. पालवी वरून थेट खालपर्यंत घसरत आली आणि लहान मुलीसारखी हसली. दहाच्या सुमाराला पाऊस सुरू झाला. तासाभरात गवत दिसू लागलं. परीक्षक गाडीतून उतरलेच नाहीत. काच खाली करून त्यांनी नुसती नकारार्थी मान हलवली.

"दीदी, तुमच्या वेळी किती बर्फ असायचा?" पालवीने विचारलं.

खिडकीपर्यंत, असं सुदर्शनाच्या ओठांवर आलं होतं. "असायचा थोडाफार," ती म्हणाली.

पालवीने स्की पुसून तिच्या हातात दिल्या. "आता दुसऱ्या कुणाला शिकवा."

सुदर्शनाने त्या घेतल्या. बाकीच्या पोरी केव्हाच गळल्या होत्या.